कानवाल्या वहिनींनी घडवलेला साक्षीदार

ज्याने कानाला ऐकणे दिले आणि ऐकणाऱ्याला मनही दिले, ज्याच्यापुढे लावावे असे कुलूप नाही आणि उघडावे असे दार नाही, जो आत आहे, बाहेर आहे आणि दाराच्या फटीतही आहे, त्या परमेश्वराच्या पायी आधी माथा. देवा, तू सारे पाहतोस. पण तुझे पाहणे आम्हा लेकरांना दिसत नाही, म्हणून आम्हाला कुलपे लागतात, सह्या लागतात, साक्षीदार लागतात. असाच एक साक्षीदार, काडेपेटीहून लहान, एका माउलीने आपल्या हातांनी घडवला. तिची कथा सांगायची आहे. शब्द खरे येऊ देत, आणि मायेने येऊ देत.

त्या माउलीला सारी वस्ती कानवाल्या वहिनी म्हणते. ऐकू न येणाऱ्यांची कानातली यंत्रे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. दोन खोल्यांच्या घरात, खिडकीखालच्या अरुंद जागेत त्यांचे मेज. मेजावर भिंग, केसाएवढ्या टोकाचे चिमटे, डाग देण्याची सळई आणि डब्यांतून निवडून ठेवलेले सुटे भाग. वय पन्नाशीच्या पुढचे, केस अर्धे पांढरे, पण हात असा स्थिर की त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा आणि तो हलू नये.

एकदा एक आजी आल्या. "यंत्र बंद पडलंय गं. सुनेचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही." वहिनींनी जाळीतला मळ काढला, यंत्र कानात बसवले. "आता येतंय का ऐकू?" आजी दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "येतंय. पण घरी सांगू नकोस. तेवढाच आराम."

वहिनी हसल्या, आणि घरी काही सांगितले नाही. मात्र आपला एक नेम त्यांनी आजींसाठीही मोडला नाही. त्यांच्या मेजावरून कोणतेही यंत्र जुन्या सेलवर परत जात नसे. जुन्यात जीव शिल्लक असला, तरी तो काढायचा आणि नवा घालायचा. "माणूस मन उघडून बोलत असताना अर्ध्या वाक्यात कान बंद पडला, तर बोलणाऱ्याला वाटतं, याला माझं ऐकायचंच नाही," असे त्या म्हणत. नेम मायेचा होता. याच नेमाने पुढे त्यांना रडवले.

घरात माणसे तीन. वहिनी, त्यांचे यजमान आणि यजमानांची थोरली बहीण, म्हणजे वहिनींच्या वन्सं. यजमान पुस्तकबांधणी करीत. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास. वन्संनी लग्न केले नव्हते. ज्यांचे आजार बरे होत नाहीत पण ज्यांच्या वेदना कमी करता येतात, अशा माणसांच्या एका लहान रुग्णालयात त्या औषधांचे भांडार सांभाळीत. सव्वीस वर्षे किल्ल्यांचा जुडगा कमरेला. चालल्या की आधी किल्ल्या ऐकू येत, मग त्या दिसत, आणि मग एखादा टोमणा येई.

"वहिनी, दुनियेचे कान साफ करतेस, जरा या भिंतीवरची जळमटंही बघ."

"वन्सं, जळमटांना ऐकू येतं. उगीच मन दुखवू नका त्यांचं."

असे रोज चाले. त्या दोघींच्या प्रेमाची बोलीच ती होती. म्हणून एका संध्याकाळी जेवताना वन्सं गप्प राहिल्या, तेव्हा घराला काही तरी झाल्यासारखे वाटले.

यजमान म्हणाले, "ताई, आज मीठ दुप्पट पडलंय. तरी तू बोलत नाहीस? तब्येत बरी आहे ना?"

वन्संनी घास ताटात ठेवला आणि सांगितले.

भांडारात पत्र्याचे एक दुदारी कपाट होते. तीव्र वेदनेवरचे औषध त्यात असे. ते सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, वन्सं आणि परिचारिका अशा दोघींनी मिळूनच उघडायचे. औषध काढून झाले की दोन्ही दारांच्या सांध्यावर कागदी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर दोघींनी सह्या करायच्या. मधल्या वेळात पट्टी फाटलेली आढळली, तर आतला सगळा साठा तपासणीसाठी बाजूला काढायचा. नवा साठा दुसऱ्या दिवशी दुपारी येई. तोवर रुग्णांनी साध्या गोळ्यांवर भागवायचे. या पंधरवड्यात दोनदा पट्टी फाटलेली निघाली होती. दोन्ही वेळा औषध थेंबाथेंबापर्यंत बरोबर भरले. पण नियम तो नियम.

"एरवी मी त्याच खोलीत असते, तीन ते चार तेवढी वॉर्डात टिपण घेत फिरते," वन्सं म्हणाल्या. "खोलीला कुलूप असतं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी परिचारिकेकडे. ती पोर तर मला लेकीसारखी. मग संशय घ्यायचा कुणाचा? तिचा, की माझा स्वतःचा?"

मग त्या म्हणाल्या, "सात नंबरचे आजोबा आज माझा हात धरून विचारत होते, बाई, अजून किती वेळ? किल्ली माझ्या कमरेला होती, वहिनी. कपाट दोन पावलांवर होतं. आणि मला सांगावं लागलं, उद्या दुपारी." पदराने तोंड झाकून त्या पुढे बोलल्या, "रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलंय. तिसऱ्यांदा असं झालं, तर किल्ल्या दुसऱ्याच्या हाती."

वहिनींनी उष्ट्या हाताने वन्संचा हात धरला. "वन्सं, कपाटाला बोलता येत नाही एवढीच अडचण आहे ना? मग त्याला वाचा देऊ आपण."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीखालच्या मेजावर नवेच काम सुरू झाले. कानातल्या यंत्रात जे सूक्ष्म भाग बसतात, तसेच भाग घेऊन वहिनी एक पहारेकरी बांधू लागल्या. बटणाएवढा सेल, नखाएवढा रेडिओ आणि उजेड ओळखणारा मसुरीच्या डाळीएवढा एक डोळा. यंत्र कपाटाच्या आत राहणार. दार उघडले की आत उजेड पडणार, डोळा तो पाहणार आणि रेडिओ निरोप धाडणार.

पण पहिल्याच चाचणीत हसे झाले. घरातल्या पत्र्याच्या पेटीत यंत्र ठेवून झाकण लावले, आणि निरोप काही बाहेर येईना. यजमान पेटीला कान लावून म्हणाले, "ओरडत असेल बिचारा आत. पत्रा ऐकू देत नाही." ते खरेच होते. रेडिओची लहर पत्र्यातून जात नाही. मग वहिनींनी तारेचे एक बारीक शेपूट फटीतून बाहेर काढले, आणि पेटीतला कैदी बोलू लागला.

पट्टीचे काम यजमानांनी मागून घेतले. दोन पातळ कागदांच्या मध्ये केसाहून बारीक तांब्याची तार खळीने अशी बसवली की बोट फिरवूनही कळू नये. तारेची टोके दारावरच्या दोन चिमट्यांत आणि तिथून यंत्रात. पट्टी फाटली की तार तुटणार आणि यंत्राला कळणार. म्हणजे साक्षीदार दोन झाले. तार सांगणार पट्टीचे, डोळा सांगणार दाराचे.

वन्सं शेजारी बसून सारे पाहत होत्या. सव्वीस वर्षे कुलपे सांभाळलेले ते डोके. त्यांनी विचारले, "निरोप हवेतून जाणार. मग तो वाटेत कुणी वाचला तर?"

"वाचता येणार नाही. कुलूप घालून धाडते. किल्ली फक्त यंत्राकडे आणि आपल्या दोघींच्या फोनमध्ये. निरोप फोनपर्यंत नेणारा एक डबा रुग्णालयात बसवायचा, तो नुसता बंद पाकीट पोचवणार."

"बरं. पण ते बंद पाकीटच कुणी जपून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच्या तसं पुन्हा धाडलं तर? फोनला वाटेल, आत्ताच आलंय."

वहिनींचा चिमटा हवेतच थांबला. "वन्सं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

"त्यात काय! माझ्या वहीसारखं कर. प्रत्येक नोंदीला आकडा. माझ्या वहीत सत्तेचाळीसनंतर बारा कधी येत नाही. आला, तर ती नोंद खोटी."

वहिनींनी तसेच केले. प्रत्येक निरोपाला चढता आकडा दिला. आधीच्याहून लहान आकडा आला, तर फोनने तो जुना समजून टाकून द्यायचा. नणंदेची शिस्त भावजयीच्या यंत्रात शिरली, आणि यजमान म्हणाले, "घरात एक ताई पुरे नव्हती, आता डबीतही एक बसवली!"

डॉक्टरीणबाईंची परवानगी घेऊन बुधवारी संध्याकाळी यंत्र कपाटात बसले. परिचारिकेने तर खेळच मांडला. दार उघडायची, दोन्ही फोन वाजायचे, ती टाळ्या वाजवायची. चाळीस वेळा उघडझाप झाली, आणि चाळीसही वेळा यंत्र चुकले नाही. त्या संध्याकाळी वन्सं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

गुरुवारी सकाळी आठला वहिनी स्वतः रुग्णालयात गेल्या. कपाट उघडले, फोन वाजला, औषधे निघाली. आणि दार लावण्याआधी वहिनींनी आपल्या नेमाप्रमाणे यंत्रातला सेल काढून कोरा सेल घातला. काल चाळीस वेळा दमलेय बिचारे, आज दिवसभर जागे राहायचे आहे. मायेने केले. पट्टी लागली, सह्या झाल्या, वहिनी घरी आल्या.

दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी सहाला वन्सं कपाटापाशी गेल्या, आणि पट्टी उभी फाटलेली होती.

वन्सं घरी आल्या, तेव्हा त्यांनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र सांगतंय काही घडलं नाही आणि पट्टी तर फाटलेली. म्हणजे ज्याला यंत्र ठाऊक आहे, त्याचंच हे काम. आणि यंत्र तुमच्याच घरचं." कमरेचा जुडगा त्यांनी मुठीत धरला. "आतापर्यंत माझ्यावर नुसता संशय होता, वहिनी. तुझ्या यंत्रानं आज पुरावा दिला. शनिवारी सकाळी किल्ल्या ठेवायच्यात."

यजमान उठले आणि पाणी घेऊन आले, पण ते कुणी घेतले नाही.

वहिनींनी विचारले, "पट्टी फाटलेली दिसल्यावर तुम्ही कपाट उघडलं का?"

"उघडलं ना. डॉक्टरीणबाईंच्या देखत. मोजायला नको?"

"दार उघडलं, तेव्हा फोन वाजला?"

"कुठला वाजतोय! सांगितलं ना, गप्पच होतं तुझं यंत्र."

"वन्सं," वहिनी ताडकन उभ्या राहिल्या, "दार उघडल्यावर तरी तो वाजायलाच हवा होता!"

रुग्णालयातला निरोप पोचवणारा डबा आलेले प्रत्येक पाकीट जपून ठेवत असे, फोनने टाकून दिलेलेही. वहिनींनी फोनवर ती यादी काढली. त्यात गुरुवारचे दोन निरोप होते. दुपारी तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांचा, आणि संध्याकाळी सहाचा. दोन्हींवर फोनचा शेरा एकच होता: जुना निरोप, रद्द. आकडे होते एक आणि दोन.

सेल काढला, तेव्हा यंत्राची स्मृती पुसली गेली होती. चाळिशी ओलांडलेले यंत्र पुन्हा एकपासून मोजू लागले होते, आणि फोनने वन्संच्याच शिस्तीने त्याला खोटे ठरवले होते. सज्जनहो, कुणी आळस केला म्हणून हे झाले नाही. एकीने काळजीपोटी सेल बदलला होता, दुसरीने काळजीपोटी आकडा घालायला लावला होता, आणि या दोन काळज्यांची गाठ कपाटाच्या अंधारात पडली होती.

वहिनींनी तीन एक्केचाळीसचे पाकीट किल्लीने उघडले. आत दोनच गोष्टी लिहिलेल्या होत्या. तार: तुटली. डोळा: अंधार.

त्यांनी ते दोनदा वाचले. मग वन्संच्या पायांशी बसून त्या रडू लागल्या. "वन्सं, चूक माझी आहे. माझ्या नेमानं तुम्हाला खोटं पाडलं. पण हे बघा. पट्टी फाटली, तेव्हा आत अंधार होता. दार उघडलंच नव्हतं कुणी! तुम्ही नाही, त्या पोरीनं नाही, कुणीच नाही."

वन्सं खाली बसल्या. भावजयीचे डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "रडू नकोस. भिंगातून बघायचं असतं तुला, डोळे सुजले तर कसं चालेल?"

"मी उद्या डॉक्टरीणबाईंना सांगणार. सगळं. सेलचंसुद्धा."

"तुझ्या कामाचं नाव जाईल गं."

"जाऊ दे. किल्ल्या नकोत जायला."

शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्हा बसले. आता त्याचा आकडा सेल काढला तरी न पुसणाऱ्या स्मृतीत कोरलेला होता, आणि दर तासाला ते 'मी जागा आहे' असा निरोपही धाडणार होते, म्हणजे त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कुणाला लावावा लागू नये. मग वहिनी डॉक्टरीणबाईंच्या मेजासमोर उभ्या राहिल्या आणि आपली चूक त्यांनी काहीही न लपवता सांगितली.

डॉक्टरीणबाई कडक होत्या, पण कोरड्या नव्हत्या. "अंधारात उघडलं असेल कुणी."

"दुपारी पावणेचारला? त्या खोलीला मोठी खिडकी आहे, बाई."

"मग पट्टी फाडली कुणी?"

"ते मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "मला फक्त वेळ माहीत आहे. आज साडेतीनला तुम्ही माझ्याबरोबर तिथं बसाल का?"

डॉक्टरीणबाईंनी समोरची वही मिटली. "स्वतःची चूक सांगायला कुणी माझ्या दारात येत नाही. आलात म्हणून बसते."

साडेतीनला चौघी भांडाराच्या खोलीत बसल्या. डॉक्टरीणबाई, वन्सं, परिचारिका आणि वहिनी. कपाटापासून चार हात दूर, चौघींचे हात मांडीवर. दुपारी आलेला नवा साठा आत होता आणि त्यावर लावलेली नवी पट्टी अखंड होती. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. परिचारिका कुजबुजली, "मला शिंक येतेय, देऊ का?" वन्सं म्हणाल्या, "दे, पण कपाटाकडे तोंड करू नकोस. नाही तर तीही नोंद करावी लागेल." डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरले नाही.

आणि मग खोलीत ऊन आले. खिडकी तर पूर्वेची. त्या वेळी तिथून ऊन यायचे कारणच नव्हते. समोर नवी इमारत उभी राहिली होती, आणि महिन्याभरापूर्वी तिला वरपासून खालपर्यंत काचा बसल्या होत्या. मावळतीकडे कललेला सूर्य त्या काचांवर पडत होता आणि काचा तो या खिडकीतून आत फेकत होत्या. उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत आला आणि कपाटाच्या उजव्या दारावर ठरला. एवढ्यात एक ढग आला, चौकोन विझला. वन्सं एकदम म्हणाल्या, "गेल्या पंधरवड्यात आभाळच होतं रोज. दोन दिवस तेवढं ऊन पडलं. आजोबांना त्याच दोन दिवशी अंगणात नेलं होतं आपण! आणि कालही."

ढग सरला. चौकोन पुन्हा पेटला. पत्रा तापू लागला. आणि कुणी बोट न लावता, कुणी जागचे न हलता, उजवे दार तापून जरासे फुगले आणि 'टक्' असा आवाज झाला. एका दाराची कड दुसऱ्यावर चढलेली होती, म्हणून फट पडली नाही. उजेडाचा कणही आत गेला नाही. पण पट्टी वरपासून खालपर्यंत सरळ फाटली.

त्याच क्षणी दोन्ही फोन वाजले. तार: तुटली. डोळा: अंधार. वेळ: तीन वाजून बेचाळीस.

परिचारिका वन्संच्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देऊ लागली, कारण पंधरा दिवस तीही मनात तेच ओझे वाहत होती. डॉक्टरीणबाई उठल्या. वन्संसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

"सव्वीस वर्षांच्या माणसाला मी दोन बोटं रुंद कागदावरून तोललं. मला क्षमा करा, ताई."

वन्सं म्हणाल्या, "तुम्ही नियम पाळलात. मीही तेच केलं असतं." आणि मग हलक्या आवाजात, "साठा बाजूला काढावा लागेल का हो?"

"का म्हणून? माझ्या डोळ्यांदेखत फाटली आहे. मी लिहून देते, आणि सहीही करते."

त्या संध्याकाळी सहाला कपाट उघडले आणि औषध वेळेवर निघाले. सात नंबरचे आजोबा उशीला टेकून वाट पाहत होते. वन्संनी औषध दिले आणि त्यांचा हात हातात धरून त्या बसून राहिल्या. दाराशी वहिनी उभ्या होत्या. हळूहळू आजोबांच्या कपाळावरची आठी सुटली, मूठ सैल झाली, श्वास लांब झाला.

"झोपले," वन्सं म्हणाल्या. मग वहिनींकडे पाहून, "ये, तूही बस. तुझ्याच हातांनी झोपवलंयस."

कपाट दुसऱ्या दिवशी समोरच्या सावलीतल्या भिंतीपाशी हलवले. किल्ल्या होत्या तिथेच, वन्संच्या कमरेला राहिल्या.

परमेश्वरा, दयाळा, आता एवढेच मागणे आहे. या माउलीच्या डोळ्यांतली ज्योत मंद होऊ देऊ नकोस, आणि तिच्या हातून जे यंत्र जाईल ते कुणाच्या तरी कानात आपल्या माणसाचा आवाज घालो. तिच्या यजमानांच्या बोटांना काम मिळत राहो, आणि त्यांनी बांधलेले पान कधी न निसटो. वन्संच्या गुडघ्यांना जिने चढायचे बळ दे, आणि त्यांना हाक मारणाऱ्या प्रत्येक खाटेला विसावा दे. या दोन खोल्यांत भांडण झाले, तर ते जेवणाआधी मिटो. कुणी चुकले, तर ते सांगण्याचे धैर्य राहो, आणि ऐकणाऱ्याला माया राहो. या घराचे सदा कल्याण होवो.